वापरलेली वॅगनआर, स्विफ्ट की टियागो : कोणत्या गाडीत काय पाहून घ्यावे

चार-पाच लाखांत काही वर्षे वापरलेली छोटी गाडी घ्यायचे ठरले, की आपल्याकडे बहुतेक घरांत चर्चा फिरून फिरून तीन नावांवर येते : मारुतीची वॅगनआर, मारुतीचीच स्विफ्ट आणि टाटांची टियागो. नवी गाडी घेताना मायलेज, सोयी आणि किंमत यांवर निर्णय होऊ शकतो, कारण शोरूममध्ये शेजारी उभ्या असलेल्या दोन वॅगनआर सारख्याच असतात. वापरलेल्या गाड्यांचे तसे नसते. एकाच महिन्यात पासिंग झालेल्या दोन गाड्यांपैकी एक घर ते शाळा एवढीच फिरलेली असते आणि दुसरीने रोज दोनशे किलोमीटर भाडी मारलेली असतात. म्हणून ही तुलना मी थोड्या वेगळ्या अंगाने करतो आहे : कोणते मॉडेल साधारणपणे कशा वापरात जाते, आणि त्या वापराच्या खुणा गाडीत कुठे राहतात. डोळ्यांसमोर २०१८ ते २०२१ या काळातल्या गाड्या आहेत.

आधी तिन्हींची जुजबी ओळख. वॅगनआरची उंच, चौकोनी नवी पिढी जानेवारी २०१९मध्ये आली. तिच्यात १.० लिटरचे तीन सिलिंडरचे आणि १.२ लिटरचे चार सिलिंडरचे अशी दोन पेट्रोल इंजिने मिळतात, आणि तिची ३४१ लिटरची डिकी या तिघींत सर्वांत मोठी आहे. स्विफ्टची तिसरी पिढी फेब्रुवारी २०१८ची, पेट्रोलमध्ये १.२ लिटरचे इंजिन, एप्रिल २०२०पर्यंत १.३ लिटरचे डिझेलही, आणि डिकी २६८ लिटर. टियागो एप्रिल २०१६पासून आहे, जानेवारी २०२०मध्ये तिचा चेहरा बदलला, पेट्रोल इंजिन १.२ लिटरचे, पण तीन सिलिंडरचे, आणि डिकी २४२ लिटर. घरात गुडघेदुखी असलेले आई-वडील असतील तर वॅगनआरला पर्याय नाही, कारण तिच्या सीटवर खाली बसावे लागत नाही, नुसते सरकून बसता येते. महिन्यातून दोनदा घाट चढून गावी जाणे असेल, तर मात्र चार माणसे आणि एसी यांच्या ओझ्याने १.० लिटरचे इंजिन दमते, आणि द्रुतगती मार्गावर आडवा वारा सुटला की उंच गाडी हलते. अशांनी वॅगनआर घ्यायचीच असेल तर १.२ लिटरचीच शोधावी, नाहीतर उरलेल्या दोघींकडे वळावे.

सुरक्षिततेतला फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गाड्या धडकवून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी स्विफ्टला २०१८मध्ये आणि वॅगनआरला २०१९मध्ये प्रत्येकी दोन तारे मिळाले, तर टियागोला जानेवारी २०२०मध्ये चार. पुढे निकष कडक झाल्यावर स्विफ्ट आणि वॅगनआर एका ताऱ्यावर आल्या. चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९पासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटची सक्ती त्यानंतर आली. त्यामुळे २०१९-२०च्या वॅगनआरच्या खालच्या व्हेरिएंटमध्ये एकच एअरबॅग सापडू शकते. स्विफ्टच्या या पिढीत दोन्ही एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) सर्व व्हेरिएंटमध्ये सुरुवातीपासून आहेत, टियागोत ते २०२०च्या बदलापासून सर्वत्र आले. एअरबॅग जागेवर आहे की अपघातात फुटून गेली, हे पाहण्याची सोपी रीत अशी : चावी फिरवल्यावर मीटरमधला एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो विझलाच नाही तर बिघाड आहे हे कोणालाही कळते. पण तो मुळीच लागला नाही, तर दिव्याचीच जोडणी काढून टाकली असण्याची शक्यता असते आणि ती जास्त धोक्याची आहे.

वॅगनआरमध्ये पहिला प्रश्न सीएनजीचा. कंपनीतून बसवलेले किट असेल तर आरसीवर इंधन म्हणून पेट्रोलसोबत सीएनजीची नोंद असतेच. बाहेरून बसवले असेल तर ती नोंद आरसीवर आणि विमा पॉलिसीवर दोन्हीकडे आहे का, हे पाहावे. टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी, दर तीन वर्षांनी करावी लागते आणि तिची तारीख प्रमाणपत्रावर असते. गाडी दोन्ही इंधनांवर वेगवेगळी, प्रत्येकी निदान पाच-सहा किलोमीटर चालवून पाहावी. वर्षानुवर्षे फक्त गॅसवर पळवलेल्या गाडीत पेट्रोलचे इंजेक्टर चिकटतात, पंप कमकुवत होतो, आणि पेट्रोलवर घेताच गाडी चढावर अडखळू लागते. विक्रेते अनेकदा फक्त गॅसवरच फेरी मारून आणतात, त्यामुळे हा दोष खरेदीनंतर दिसतो.

दुसरा प्रश्न भाड्याचा. पिवळ्या पाटीची गाडी पांढऱ्या पाटीवर करून विकण्यात बेकायदा काही नाही. प्रश्न असतो तो किलोमीटरचा. नंबरप्लेटच्या मागे जुनी छिद्रे, ॲक्सिलरेटरजवळ वेगनियंत्रकाच्या तोडलेल्या वायरी, मागच्या दाराच्या आतल्या मुठीवर झिजून आलेली चमक, ही त्याची चिन्हे. घरच्या गाडीत चालकाची सीट सर्वांत आधी दबते. भाड्याच्या गाडीत मागची सीटही तेवढीच दबलेली असते. याशिवाय १५ नोव्हेंबर २०१८ ते १५ ऑक्टोबर २०१९ या काळात बनलेल्या १.० लिटरच्या वॅगनआर मारुतीने जुलै २०२०मध्ये इंधन पंप तपासण्यासाठी परत बोलावल्या होत्या. आपली गाडी त्यांत होती का आणि काम झाले का, हे चेसिस नंबर देऊन कोणत्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारता येते.

स्विफ्ट ही चालवायला आवडणाऱ्यांची गाडी आहे, आणि हाच तिचा गुण वापरलेली घेताना जपून पाहावा लागतो. हलके वजन आणि तत्पर इंजिन यांमुळे ती जोरात पळवली जाते. म्हणून इथे ठोकर लागल्याच्या खुणा आधी शोधाव्यात. बंपरचा नवा रंग मनावर घेऊ नये, शहरात प्रत्येकाच्या बंपरला कोणीतरी घासतेच. बॉनेट उघडून फेंडर (पुढच्या चाकांवरचे पत्रे) आणि बिजागऱ्यांचे बोल्ट पाहावेत. पान्याने रंगाचा पापुद्रा निघाला असेल तर तो भाग एकदा काढून लावलेला आहे. दाराचे रबर ओढून पिलरवरचे (छत पेलणाऱ्या खांबांवरचे) वेल्डिंगचे ठिपके पाहावेत. कारखान्यात ते गोल, सारख्या अंतरावर पडतात, गॅरेजमधल्या कामात ते ओबडधोबड असतात किंवा लांबीच्या (पुटीच्या) लेपाखाली दिसेनासे होतात. प्रत्येक काचेवर कंपनीचा शिक्का आणि वर्षाची खूण असते. एकच काच वेगळ्या वर्षाची असेल तर ती का बदलली हे विचारावे. रुंद टायर आणि मोठी चाके बसवलेली असतील तर स्टीअरिंग पूर्ण वळवून चाक आत घासते का ते पाहावे, आणि चाकांच्या सस्पेन्शनमधले लोअर आर्म, शॉकॲब्सॉर्बर यांच्या खर्चाची तयारी ठेवावी. डिझेलचा मोह महिन्याला दीड हजार किलोमीटरपेक्षा कमी चालवणाऱ्याने धरू नये. क्लच, टर्बो आणि इंजेक्टर यांपैकी एकाचा खर्च इंधनात वाचलेले सगळे पैसे परत घेऊन जातो.

एका नातेवाइकासाठी सांगलीला २०१८ची स्विफ्ट पाहायला गेलो होतो. रंग उत्तम, इंजिन शांत, आत अत्तराचा घमघमाट. मागच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला, तेव्हा अखेरच्या वीतभर भागावर फिकट तपकिरी रेघ होती, आणि बोट फिरवल्यावर पिठासारखी मऊ माती हाताला लागली. मग डिकीतला गालिचा उचलून स्टेपनी काढली. खालच्या खोलगट जागेत बोल्टच्या आट्यांत तीच माती वाळून बसली होती, आणि पुढच्या सीटच्या रुळांवर गंज चढला होता. ऑगस्ट २०१९च्या पुरात ती गाडी किती दिवस उभी होती, हे मालकाने सांगितले नाही, किंमत मात्र पंचवीस हजारांनी खाली आणली. आम्ही परतलो. पाण्यात बुडालेल्या गाडीचे इंजिन साफ करून चालू होते, पण वायरिंगच्या जोडांत शिरलेला ओलावा महिनोन्‌महिने आतून कुरतडत राहतो, आणि एअरबॅगपासून एबीएसपर्यंत सर्व काही त्याच वायरींवर चालते. जुलै २०२१मध्ये चिपळूण आणि महाडमध्येही असंख्य गाड्या बुडाल्या. अशा गाड्या बहुधा त्या गावात विकल्या जात नाहीत, त्यामुळे पुण्या-मुंबईत गाडी घेणाऱ्यानेही पट्टा ओढून पाहावा.

टियागोबद्दल कमी लिहावे लागते, कारण तिची कहाणी सरळ आहे. ती बहुधा घरगुती वापरातच असते, वजनाने भरीव वाटते आणि त्याच वर्षाच्या स्विफ्टपेक्षा स्वस्त मिळते. पुढे विकताना पैसेही तेवढेच कमी येतात, म्हणून सात-आठ वर्षे ठेवायची असेल तरच हा फायदा खरा. तीन सिलिंडरमुळे थांबलेल्या गाडीत थोडी थरथर जाणवणे स्वाभाविक आहे. पण ती गिअर लिव्हर आणि डॅशबोर्ड खडखडवण्याइतकी असेल, तर इंजिनाचे माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यांवर टेकलेले असते ते रबरी आधार, गेलेले असू शकते. एसी चालू-बंद करून दोन्ही वेळची थरथर ताडून पाहावी. या गाडीत सर्व्हिसचा पूर्ण इतिहास मिळाल्याशिवाय मी पुढे जाणार नाही, कारण वॅगनआर-स्विफ्ट गल्लीतला कोणताही मेस्त्री डोळे मिटून खोलतो, टियागोच्या बाबतीत मात्र जवळ चांगले सर्व्हिस सेंटर असणे गरजेचे ठरते.

तिन्हींना लागू असलेल्या दोन-तीन गोष्टी आहेत. गाडी सकाळी, उजेडात आणि थंड इंजिन असताना पाहावी. पोचताच बॉनेटवर हात ठेवावा, ते गरम असेल तर थांबून राहावे. पहिल्या स्टार्टला निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. टायरवरचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, म्हणजे २३१९ हा २०१९चा तेविसावा आठवडा. मीटरवर अठ्ठावीस हजार किलोमीटर आणि चारही टायर गेल्या वर्षीचे, असे असेल तर मीटरवर विश्वास ठेवू नये. विम्याची पॉलिसी मागून नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा आकडा पाहावा. पहिल्या मालकाकडे पाच वर्षे क्लेमशिवाय राहिलेल्या गाडीवर तो ५० टक्के असतो. २० किंवा शून्य असेल तर कशाचा क्लेम केला, हे मालकालाच विचारावे. मधे मालक बदलला असेल तर आकडा नव्याने मोजला जातो, हे लक्षात घ्यावे. हा बोनस विकणाऱ्याचा असतो, गाडीबरोबर आपल्याकडे येत नाही, म्हणून हप्ता वाढीव धरूनच हिशेब करावा.

माझा कौल विचाराल तर शहरातल्या शहरात आणि वडीलधाऱ्यांसाठी खासगी वापरातली १.२ लिटरची वॅगनआर, महामार्ग आणि लहान मुले असतील तर २०२०नंतरची टियागो, आणि स्विफ्ट फक्त अशी, जिचा एकच मालक आहे व जिचे सांगाडे-पिलर आपल्या ओळखीच्या मेस्त्रीने तपासले आहेत.

व्यवहार ठरल्यावर एमपरिवहन ॲपवर आरसी, थकलेले ई-चलन आणि कर्जाचा बोजा पाहावा. कर्ज फिटले असले तरी बँकेचे पत्र आणि आरसीवरचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. दुसऱ्या राज्याचे पासिंग असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) आणि इथला रस्ता कर यांचा खर्च किमतीतून वजा करून बोलावे. गाडी ताब्यात घेताना कागदावर तारखेबरोबर वेळही लिहून दोघांनी सही करावी, कारण त्या मिनिटापर्यंतचे चलन आणि अपघात त्यांचे, आणि पुढचे आपले. दुसरी चावीही त्याच वेळी मागून घ्यावी.