तिघऱ्यातल्या शिडाच्या होडीचा तळ: इपॉक्सी लावून नऊ महिने

तळाला काय लावायचं असं विचारलं की ग्वाल्हेरातसुद्धा तांब्याच्या अँटीफाउलिंगचंच, म्हणजे तळाला काही चिकटू न देणाऱ्या रंगाचंच नाव पुढे येतं. ते समुद्राचं औषध आहे. तिथे कालवं तळाला घट्ट चिकटतात. तिघऱ्यात, म्हणजे ग्वाल्हेरजवळच्या या धरणात, धरतं ते हिरवं बुळबुळीत शेवाळ, आणि ते स्पंजने निघतं. शिवाय हेच पाणी शहराच्या नळाला येतं, त्यात तांबं सोडणारा रंग बुडवून ठेवणं पटत नाही. गोड्या पाण्यात फायबरच्या होडीचं दुखणं वेगळंच: पाणी जेलकोटमधून, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत थरातून, आत झिरपतं आणि फोड येतात. खाऱ्यापेक्षा गोड्या पाण्यात हे जास्त, पाणी कोमट असेल तर आणखी जास्त. म्हणून दोन डब्यांचा (राळ आणि तिला घट्ट करणारा हार्डनर) इपॉक्सी बॅरियर कोट, म्हणजे पाणी अडवणारा रंग निवडला. मार्चमध्ये लावला, डिसेंबरात होडी वर काढून तळ तपासला.

हिशेब असा: पाण्यातली लांबी ५.२ मीटर, रुंदी २.१, कीलसकट (तळाखालचं उभं पातं) खोली ०.९. लांबी गुणिले रुंदी-खोलीची बेरीज, त्याचे पाऊण, म्हणजे सुमारे ११.७ चौरस मीटर. सुकल्यावर २५० मायक्रॉन, म्हणजे पाव मिलिमीटर थर हवा. रंगात घन भाग निम्मा धरला तर जवळजवळ ६ लिटर लागतात. रोलर आणि ट्रे पितात ते धरून ७ घ्या. दुकानदार ४ लिटरमध्ये भागेल म्हणतो. भागतं, पण थर पातळ राहतो आणि मग सगळी मेहनत वाया.

खरं काम रंगाच्या आधीचं. आधी ॲसिटोनने मेण पुसा, मगच ८० नंबरचा सँडपेपर मारा; उलट केलंत तर मेण ओरखड्यांत घासलं जातं. तळावर पाणी ओता. अखंड पसरलं तर ठीक, थेंब गोळा झाले तर तिथे मेण शिल्लक आहे. जुने फोड सुईने टोचले की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. ते उघडून साध्या पाण्याने धुवा, पुरते वाळू द्या आणि इपॉक्सी पुट्टीने भरा. गाडीच्या डेंटिंगची पुट्टी स्वस्त म्हणून पाण्याखाली वापरू नका, ती पाणी शोषते. तळ वाळला का हे बघायला सावलीत एक फूट चौकोनी पारदर्शक प्लास्टिक चारही कडांना टेपने चिकटवा. दुसऱ्या दिवशी आत दव दिसलं तर थांबा.

हवामानाशी हुज्जत घालू नये. जानेवारीच्या धुक्यात पारा १० अंशांखाली गेला की इपॉक्सी नीट पकडत नाही. मेमध्ये ४५ अंशांना ते ट्रेमध्येच आवळतं. फेब्रुवारीअखेर ते मार्च किंवा दिवाळीच्या आसपास, सकाळचं दव उडून गेल्यावर. हार्डनर जास्त घातला म्हणून रंग लवकर सुकत नाही, उलट चिकट राहतो. रात्रीत वर मेणचट थर आला तर थिनरने पुसू नका. पाणी आणि भांड्याची घासणी.

पाच कोट, एक करडा, एक पांढरा, आलटून पालटून. मागचा रंग कुठे डोकावतोय ते लगेच कळतं.

आता डिसेंबरातला तळ. दोन जागा सोडल्या तर सगळीकडे गुळगुळीत, एकही फोड नाही. एप्रिल-मेमध्ये पंधरवड्याला स्पंज फिरवावा लागला, ही कटकट आहेच. दोन दोष मात्र ठळक. रंगवताना होडी ज्यांवर टेकवली होती त्या स्टँडच्या गाद्या उशिरा सरकवल्या, त्यामुळे त्या जागी दोनच कोट बसले. नेमक्या तिथेच मोहरीएवढे पाच-सहा फोड. गाद्या दर कोटानंतर हलवायला हव्या होत्या. दुसरा दोष पाण्याच्या रेघेवरच्या चार बोटं पट्टीचा: उन्हाने इपॉक्सी खडूसारखं झालं, बोट फिरवलं की पांढरं लागतं. ती पट्टी घासून तिथे पॉलियुरेथेन रंग लावायचा, तोही रेघेच्या वरच. सतत पाण्यात राहिला तर तो स्वतःच फुगतो.

ट्रेलरवर राहून फक्त रविवारी पाण्यात उतरणाऱ्या होडीला यातलं काहीच नको. जेलकोटला मेण पुरे.