आयपर्फ३ : घरातील नेटवर्क संथ का, हे शोधताना वापरलेल्या साधनाचे परीक्षण

आमच्या घरात तीन संगणक आहेत आणि तिघांची जातकुळी वेगळी आहे. टेबलावर विंडोज ११ असलेला डेस्कटॉप आहे, खोल्याखोल्यांतून फिरणारा एक मॅक लॅपटॉप आहे आणि कपाटावर ठेवलेल्या एका जुन्या संगणकावर लिनक्स घालून, सांबाच्या, म्हणजे लिनक्सवरील फाइली इतर संगणकांना उघडून देणाऱ्या प्रणालीच्या, मदतीने, घरातील सर्व छायाचित्रे आणि व्हिडिओ शेअर केलेले आहेत. डेस्कटॉप आणि लिनक्सचा संगणक केबलने राउटरला जोडलेले आहेत, मॅक वायफायवर असतो. गिगाबिटचे, म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिटचे, राउटर आणि तशीच नेटवर्क कार्डे असूनही ४ गिगाबाइटचा एक व्हिडिओ डेस्कटॉपवरून लिनक्सवर जायला सुमारे सहा मिनिटे लागत होती, आणि मॅकवरून छायाचित्रांचे फोल्डर पाठवायचे म्हटले तर त्याहूनही अधिक.

अशा वेळी बहुतेक जण पहिल्यांदा करतात तेच मीही केले, म्हणजे इंटरनेटचा वेग मोजणारे संकेतस्थळ उघडले आणि तिथला आकडा उत्तम आल्यामुळे अधिकच गोंधळलो. ती चाचणी बाहेरच्या सर्व्हरपासून आपल्या संगणकापर्यंतचा वेग मोजते. घरातील एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या वाटेबद्दल ती काहीही सांगत नाही. फाइल कॉपी होताना दिसणारा वेगही पुरेसा नसतो, कारण त्या एका आकड्यात पाठवणाऱ्याची डिस्क, घेणाऱ्याची डिस्क, अँटिव्हायरस, फाइल शेअर करण्याचा एसएमबी प्रोटोकॉल, केबल आणि राउटर असे सगळे मिसळलेले असते. मला हवे होते ते यातील फक्त नेटवर्क वेगळे काढून दाखवणारे साधन. आयपर्फ३ नेमके तेवढेच काम करते, आणि गेले काही महिने ते वापरल्यानंतर त्याच्या गुणांविषयी आणि त्याच्या एका ठळक उणिवेविषयी लिहावेसे वाटले.

हे साधन अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले नॅशनल लॅबोरेटरीशी संलग्न असलेल्या ईएसनेट या वैज्ञानिक संशोधनाच्या नेटवर्कने तयार केले आहे. ते विनामूल्य आणि मुक्तस्रोत आहे. जुन्या आयपर्फचीच ही पुढची आवृत्ती असावी असे नावावरून वाटते, परंतु ते नव्याने लिहिलेले आहे आणि जुन्या आयपर्फशी त्याचा संवाद होत नाही; म्हणून दोन्ही संगणकांवर आयपर्फ३ च असले पाहिजे. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत ते थेट पॅकेज म्हणून मिळते, मॅकवर होमब्रू या पॅकेज बसवणाऱ्या साधनातून घेता येते. विंडोजविषयी पुढे सविस्तर लिहितो, कारण खरी अडचण तिथेच आली.

वापर साधा आहे, मात्र टर्मिनलची, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीची, सवय हवी. एका संगणकावर ते सर्व्हर म्हणून सुरू करायचे, दुसऱ्यावर त्या संगणकाचा आयपी पत्ता देऊन क्लायंट म्हणून चालवायचे, की दहा सेकंद डेटा पाठवला जातो आणि दर सेकंदाचा वेग एकेका ओळीत उमटत जातो. हा डेटा मेमरीत तयार होतो आणि पलीकडे पोचल्यावर टाकून दिला जातो. डिस्कला स्पर्शच होत नसल्यामुळे आलेला आकडा नेटवर्कचा असतो, आणि याच एका गोष्टीसाठी मी या साधनाला इतके मानतो. सर्व्हर असलेल्या संगणकाच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणाऱ्या पहाऱ्यात, ५२०१ हे पोर्ट (जोडणीचे क्रमांकित दार) मोकळे करावे लागते. क्लायंटच्या बाजूला काहीच करावे लागत नाही, कारण जोडणी नेहमी क्लायंटच सुरू करतो.

आकडा वाचण्यापूर्वी दोन गोष्टी पक्क्या केल्या पाहिजेत. आयपर्फ३ वेग मेगाबिटमध्ये सांगते, तर फाइल कॉपीची खिडकी मेगाबाइटमध्ये, म्हणजे आठपटीचा फरक. हा फरक विसरल्यामुळे कित्येक निरोगी नेटवर्कवर विनाकारण संशय घेतला जातो. दुसरे असे की, गिगाबिटच्या केबलवर १००० चा आकडा कधीच येणार नाही. प्रत्येक इथरनेट फ्रेम, म्हणजे केबलवरून जाणारा डेटाचा एक गठ्ठा, तिच्या आगेमागे लागणाऱ्या जागेसह तारेवर १५३८ बाइट व्यापते आणि त्यात आपला खरा डेटा साधारण १४४८ बाइट असतो, त्यामुळे ९४१ मेगाबिट प्रति सेकंद हीच निकोप गिगाबिट जोडणीची कमाल असते. हाच हिशेब १०० मेगाबिटच्या जोडणीला लावला की ९४ येतात.

माझ्या डेस्कटॉप आणि लिनक्समधील पहिल्याच चाचणीत आकडा आला तो ९४. कमांडपुढे उणे चिन्ह आणि कॅपिटल आर जोडून उलट दिशेने, म्हणजे सर्व्हरकडून क्लायंटकडे, डेटा पाठवला तरी ९४ च. राउटर जुने झाले, विंडोज आणि लिनक्सचे जमत नाही, सांबाची मांडणी चुकली, हे माझे सगळे तर्क त्या एका आकड्याने बाजूला सारले. इतका स्वच्छ ९४ म्हणजे कुठली तरी जोडणी गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटवर ठरली आहे. लिनक्सवर इथटूल या कमांडने पाहिले तर तिथे १००० दिसत होते; विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये मात्र जोडणीचा वेग १०० होता. दोष होता टेबलामागे दुमडल्या गेलेल्या केबलमध्ये. गिगाबिट इथरनेटला केबलमधील तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. उरलेल्या दोन जोड्यांतील एखादी तार तुटली तर अनेक नेटवर्क कार्डे कुठलीही तक्रार न दाखवता खालच्या वेगावर उतरतात आणि संगणक वर्षानुवर्षे तसाच चालत राहतो. केबल बदलली, तोच व्हिडिओ चाळीस सेकंदांच्या आत गेला.

येथपर्यंत मी या साधनावर अत्यंत प्रसन्न होतो. त्यानंतर केलेल्या चाचणीत लिनक्सवरून विंडोजकडे ९४१ आणि विंडोजवरून लिनक्सकडे सहाशेच्या आसपास असे आकडे आले, आणि त्या तफावतीच्या मागे माझी दोन रात्री जागरणे झाली. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर बदलला, लार्ज सेंड ऑफलोड (डेटाचे तुकडे करण्याचे काम कार्डावर सोपवणारी सोय) बंद करून पाहिले, वीज वाचवण्याची इथरनेटची सोय बंद केली, फरक पडेना. शेवटी त्याच डेस्कटॉपला पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करून चाचणी घेतली तर दोन्ही दिशांना ९४१ आले. संगणक तोच, कार्ड तेच, केबल तीच. म्हणजे दोष मोजणाऱ्या साधनातच होता. ईएसनेट विंडोजसाठी अधिकृत पाठबळ देत नाही. विंडोजवर मिळणाऱ्या प्रती इतरांनी सिग्विन या मधल्या थराच्या आधारे बांधलेल्या असतात, आणि मी जी उतरवून घेतली होती ती कित्येक वर्षांपूर्वीची ३.१ मालिकेतील होती. अलीकडची प्रत बसवल्यावर आकडा सुधारला. पुढे कळले की खुद्द मायक्रोसॉफ्टनेही विंडोजवर आयपर्फ३ न वापरता आपले एनटीटीटीसीपी हे साधन वापरण्याचा सल्ला दिलेला आहे. भिन्न प्रकारच्या संगणकांमधील दोष शोधायला घेतलेले साधन त्यांतील एका प्रकारावर कमी विश्वासार्ह असावे, ही उणीव छोटी नाही आणि ती साधनाच्या माहितीत पहिल्या ओळीत लिहिलेली असायला हवी होती. माझा आग्रहाचा सल्ला असा की, विंडोजवर कमी आकडा आला तर सेटिंगला हात लावण्यापूर्वी पेन ड्राइव्हवरील लिनक्सने तो पडताळून पाहावा. यात अर्धा तास जातो, पण संशयाची जागा निश्चित होते.

दोन्ही दिशांनी मोजण्याची सवय मात्र कधीही सोडू नये. एका परिचितांच्या घरी एका दिशेचा वेग बरा आणि दुसऱ्या दिशेचा अगदी केविलवाणा होता, शिवाय लिनक्सच्या बाजूने पाठवताना पुन्हा पाठवाव्या लागलेल्या पॅकेटांचा, म्हणजे डेटाच्या तुकड्यांचा, रकाना प्रत्येक सेकंदाला फुगत होता. (हा रकाना विंडोजवरील प्रतींत दिसत नाही, म्हणूनही एक टोक लिनक्सचे असलेले बरे.) त्या संगणकावर पूर्वी कधीतरी कुणी जोडणीचा वेग हाताने १०० मेगाबिट फुल डुप्लेक्स (दोन्ही बाजू एकाच वेळी बोलू शकतात असा) पक्का करून ठेवला होता. एका टोकाने वेग ठरवण्याची आपोआप होणारी वाटाघाटीच सोडून दिली की स्विचचे टोक हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकानेच बोलायचे) धरून चालते, मग एक बाजू वाटेल तेव्हा बोलते आणि दुसरी तिचे बोलणे संपण्याची वाट पाहते. जोडणी तुटत नाही, फक्त डेटाच्या टकरी होत राहतात. सेटिंग पुन्हा ऑटोवर नेताच प्रश्न मिटला.

वायफायबाबत हे साधन उपयोगी आहे, पण तिथे आकड्यांचा अर्थ लावण्याचे काम आपल्यावर पडते. मॅकवर ऑप्शन कळ दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केले की जोडणीचा दर दिसतो; माझ्याकडे तो ८६६ होता आणि आयपर्फ३ वर सव्वापाचशे येत होते. यात काही बिघडलेले नाही, हवेतून एका वेळी एकच जण बोलू शकतो आणि प्रत्येक पोचपावतीलाही त्याच हवेतून यावे लागते. वायफायवरील दोन संगणकांमध्ये चाचणी घेतली तर आकडा जवळपास अर्ध्यावर येतो, कारण तेच पॅकेट आधी राउटरकडे आणि मग राउटरकडून पलीकडे असे दोनदा हवेत जाते. म्हणून वायफायची परीक्षा करताना दुसरे टोक नेहमी केबलवरचे ठेवावे. यूडीपी (पोचपावतीची वाट न पाहता डेटा पाठवण्याची पद्धत) चाचणीतील एक खाच इथे सांगून ठेवतो : वेग स्वतः सांगितला नाही तर ती अवघ्या १ मेगाबिट प्रति सेकंदाने पाठवते, आणि तो आकडा पाहून नेटवर्क मरणपंथाला लागल्यासारखे वाटते.

मॅकवरून जाणाऱ्या छायाचित्रांच्या फोल्डरचा प्रश्न आयपर्फ३ ने सोडवला नाही, तरीही त्यात त्याचा वाटा मोठा आहे. नेटवर्क सव्वापाचशे देत असताना कॉपी मात्र रांगत होती, यावरून दोष केबल, वायफाय आणि राउटर यांच्या वर कुठेतरी आहे हे ठरले. मग हजारो छायाचित्रे असलेले तेच फोल्डर एका झिप फाइलमध्ये बांधून पाठवले, तर ते झपाट्याने गेले. एसएमबीवर प्रत्येक फाइलसाठी उघडणे, तयार करणे, गुणधर्म विचारणे आणि बंद करणे असे निरोप ये-जा करतात; फाइल छोटी असली की डेटापेक्षा हे निरोपच जास्त वेळ खातात, आणि वायफायवर प्रत्येक फेरीला केबलपेक्षा अधिक वेळ लागतो. त्यात एसएमबी साइनिंग, म्हणजे प्रत्येक संदेशावर सही करण्याची व्यवस्था, चालू असली तर माझ्या कपाटावरच्या जुन्या प्रोसेसरवर आणखी भार येतो. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून ही सही मूळ सेटिंगमध्येच बंधनकारक झाली आहे. वेगासाठी ती सरसकट बंद करण्याचा सल्ला अनेक जण देतात, तो मला मान्य नाही. वाटेत कुणी डेटा बदलू नये यासाठी ती आहे आणि मोठ्या फाइलींच्या बाबतीत माझ्याकडे तिचा त्रास जाणवण्याइतकाही नाही. छायाचित्रे मी आता झिप करून किंवा मॅकला केबल लावून पाठवतो.

टर्मिनलची भीती वाटणाऱ्यांना हे साधन रुचणार नाही. त्याला चित्रमय खिडकी नाही, रंगीत काटे नाहीत, ‘तुमची केबल खराब आहे’ असे ते कधीही सांगणार नाही. ते आकडा देते आणि थांबते. एकाच वेळी दोन क्लायंट जोडू पाहिले तर सर्व्हर दुसऱ्याला नंतर यायला सांगतो, हेही गैरसोयीचे वाटू शकते, पण मोजमापाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. लिनक्स आणि मॅक यांच्यासाठी मी ते निःशंकपणे सुचवीन, विंडोजसाठी वर लिहिलेल्या सावधगिरीसह.

चाचणी संपल्यावर सर्व्हर आठवणीने बंद करावा आणि फायरवॉलमध्ये मोकळे केलेले पोर्ट पुन्हा मिटावे. मूळ सेटिंगमध्ये त्याला पासवर्ड नसतो, त्यामुळे नेटवर्कवरील कुणीही त्याच्याकडून डेटाचा पूर वाहवून घेऊ शकतो, आणि राउटरमधून ते पोर्ट बाहेरच्या इंटरनेटसाठी तर कधीच उघडू नये.