मर्लिन अ‍ॅप: न दिसणाऱ्या पक्ष्याचा माग

आमच्या इंदूरमध्ये पक्षी पाहायला निघालेल्या माणसाची खरी अडचण पावसाळ्यात सुरू होते. सिरपूर तलावावरची बदके दुर्बिणीने निवांत न्याहाळता येतात, परंतु चोरलच्या घाटात पाने दाटली की चहूकडून आवाज येत राहतात आणि आवाज करणारा मात्र दिसत नाही. मर्लिन बर्ड आयडी हे अ‍ॅप मी गेले दोन पावसाळे मुख्यतः याच अडचणीसाठी वापरत आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेने ते तयार केले असून आवाजावरून पक्षी ओळखण्याची सोय त्यात २०२१ साली आली. अ‍ॅप विनामूल्य आहे आणि आपल्या प्रदेशातील पक्ष्यांच्या माहितीचा संच आधी फोनमध्ये उतरवून घेतला, तर नेटवर्क नसलेल्या रानातही चालते.

गेल्या जुलैत पहाटे एका ओढ्याकाठी मला दोन सुरांची, स्वच्छ आणि ठसठशीत शीळ ऐकू आली. ती मी पूर्वी कधी ऐकली नव्हती. अ‍ॅप सुरू करून फोन स्थिर धरला, तेव्हा तिसऱ्या शिळेला पडद्यावर नवरंगाचे नाव आले. त्यावर विसंबून परत फिरण्याऐवजी मी तिथेच बसून राहिलो. बऱ्याच वेळाने ओलसर पाचोळा उलटत तो खरोखरच समोर आला. हिवाळा दक्षिणेत काढून पावसाळ्यात विणीसाठी मध्य भारतात येणारा हा पक्षी पहाटे आणि संध्याकाळी हमखास बोलतो, म्हणून तमिळमध्ये त्याला ‘सहाच्या ठोक्याचा पक्षी’ अशा अर्थाचे नाव आहे.

माझ्या मते या अ‍ॅपमधील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पडद्यावर सरकत जाणारे आवाजाचे चित्र. त्यात आडवा अक्ष वेळेचा आणि उभा अक्ष सुराच्या उंचीचा असतो, आणि अ‍ॅपसुद्धा हे चित्रच जुन्या ध्वनिमुद्रणांवरून शिकलेल्या आकृत्यांशी ताडून पाहते. तांबट पक्ष्याचे ‘टुक टुक’ तिथे एकाच उंचीवर, सारख्या अंतराने मारलेल्या ठोक्यांसारखे दिसते. पावशाची हाक पायरी पायरीने वर चढत जाते. आमच्या घरात तिला ‘पेर्ते व्हा’ म्हणतात आणि शेजारचे हिंदीभाषक ‘पी कहाँ’ म्हणतात, पण चित्र दोघांसाठी एकच उमटते. काही आठवडे हे चित्र पाहत ऐकल्यावर राखी वटवट्या आणि साधा वटवट्या या दोन पक्ष्यांच्या आवाजांतील फरक माझ्या कानाला आपोआप कळू लागला. केलेले ध्वनिमुद्रण फोनमध्ये जपले जाते, त्यामुळे घरी येऊन शंकेची जागा पुन्हा ऐकता येते, आणि मी ते आवर्जून करतो.

मात्र अ‍ॅपने दिलेले नाव हा पुरावा नव्हे, हे नवशिक्यांनी ध्यानात ठेवलेच पाहिजे. कोतवाल पक्षी शिक्रा या शिकारी पक्ष्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो आणि खाटीक पक्षीही इतर अनेक पक्ष्यांचे आवाज काढतो. अशा वेळी केवळ आवाजावर विसंबणारा कोणीही, माणूस असो वा यंत्र, फसू शकतो. कोकिळेची मादी ‘कुहू’ न करता ‘किक् किक्’ असे ओरडते, हे ठाऊक नसेल तर अचूक नावसुद्धा खोटे वाटते. वारा, वाहते पाणी आणि खंडवा रोडवरचे हॉर्न यांत क्षीण आवाज बुडून जातो, म्हणून थोडे आत चालत जावे आणि फोनवरची बोटे हलवू नयेत.

एका बाबतीत मात्र मी आग्रही आहे. अ‍ॅपमध्ये प्रत्येक पक्ष्याचे नमुना आवाज आहेत आणि काही हौशी छायाचित्रकार ते मोठ्याने वाजवून पक्ष्याला जवळ बोलावतात. विणीच्या काळात नवरंगाला तो आवाज आपल्या हद्दीत घुसलेल्या दुसऱ्या नराचा वाटतो आणि तो घरटे सोडून धावत येतो. ते नमुने घरी किंवा हेडफोन लावूनच ऐकावेत. चोरलला जाताना मी फोनचा स्पीकर गाडीतून उतरण्यापूर्वीच बंद करतो आणि बरोबर येणाऱ्यांनाही तसेच करायला सांगतो.