पंप फर्स्ट क्लास, व्हॉल्व्हने मात्र टँकर खाल्ले

पुण्यातली आमची सोसायटी, बोअरचं पाणी, एक लाख लिटरचा पोहण्याचा तलाव. गेल्या वर्षी व्हेरिएबल स्पीड पंप (स्पीड कमी-जास्त करता येणारा), वाळूचा फिल्टर आणि सहा पोझिशनचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह (हँडल फिरवून पाणी फिल्टरमधून, उलटं की थेट गटाराकडे न्यायचं ते ठरवणारा) असा सेट बसवला. आता सगळे ऋतू बघून झालेत, म्हणून लिहितोय.

पंप कमी स्पीडवर चालवणं मला आधी पटत नव्हतं, पाणी हिरवं पडेल असं वाटायचं. पण स्पीड अर्धा केला की पाणी अर्धं फिरतं आणि वीज कागदावरच्या हिशेबाने आठवा हिस्सा लागते. दुप्पट तास चालवला तरी खर्च चौथाई. प्रत्यक्षात एवढी बचत होत नाही, तरी बिलातला फरक डोळ्यांत भरतो. आवाज नाही, पाणीही काचेसारखं. पंपावर पैसे घालाच.

आता व्हॉल्व्ह. उन्हाळ्यात तलाव रोज दोन सेंटीमीटर उतरायला लागला. आमच्या तलावाचं तोंड १२ बाय ६ मीटर, म्हणजे एक सेंटीमीटर उतरलं की ७२० लिटर गेले. जवळजवळ दर आठवड्याला एक टँकर नुसता भर घालायला! सर्व्हिसवाल्याचं एकच पालुपद, "साहेब, ऊन आहे, पाणी उडतंय." नंतर म्हणाला टाइल्समधून गळत असेल, तलाव रिकामा करा. एक लाख लिटर पाणी मे महिन्यात गटारात सोडायचं? सल्ला देताना जीभ कशी रेटते कळत नाही.

मग बादली लावली. पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवायची, आतली आणि बाहेरची पातळी सारखी करून खूण करायची. बादलीतलं उतरलं तेवढं उन्हाने नेलं, तलावात त्याहून जास्त उतरलं ती गळती. पंप बंद ठेवून एक दिवस पाहिलं, दोन्ही सारखंच उतरलं. पंप चालू ठेवला की तलाव पुढे. म्हणजे टाइल्स ठणठणीत, पाणी पंप चालू असतानाच जातंय. व्हॉल्व्हवरची मळकी साइट ग्लास, म्हणजे गटाराकडे जाणारं पाणी दाखवणारी काच, पुसून टॉर्च मारला, तर हँडल फिल्टरच्या पोझिशनवर असूनही आत धार पळत होती. वेस्टची, म्हणजे टाकाऊ पाण्याची लाइन जमिनीखालून थेट गटारात, त्यामुळे कुणाला दिसलंच नव्हतं.

व्हॉल्व्हचं झाकण उघडल्यावर स्पायडर गॅस्केट दिसलं, चाकाच्या आऱ्यांसारखं रबर, एका वाटेचं पाणी दुसऱ्या वाटेत जाऊ न देणारं. एक आरा खाचेतून निघून तुटला होता. पंप चालू असताना हँडल फिरवलं की हेच होतं. आधी पंप बंद, मग हँडल पूर्ण दाबून फिरवायचं, हे बसवून देताना ऑपरेटरला कुणी सांगितलंच नव्हतं. कंपनी म्हणे रबर वॉरंटीत येत नाही, अख्खा व्हॉल्व्ह बदला. आमच्या प्लंबरने नुसतं गॅस्केट घालून, ओ-रिंगला (गोल रबरी कड्याला) सिलिकॉन ग्रीस लावून काम केलं. त्यानंतर तलाव बादलीबरोबरच उतरतोय. राग आहे तो याचाच: शेकड्यांतल्या रबरासाठी हजारोंचा व्हॉल्व्ह विकायला निघाले होते.

या पंपाबरोबर बॅकवॉशचंही, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुण्याचंही भान ठेवा. स्वच्छ वाळूच्या प्रेशरपेक्षा गेजवर ८ ते १० पीएसआय (दाबाचं एकक) वाढलं की बॅकवॉश, हे सगळ्यांना माहीत असतं. पण कमी स्पीडवर गेज मुळात कमीच दाखवतो. दोन्ही रीडिंग एकाच पूर्ण स्पीडवर घ्या, आणि बॅकवॉशही पूर्ण स्पीडवरच करा, नाहीतर वाळू उचललीच जात नाही. नंतर रिन्स, म्हणजे थोडा वेळ पाणी सुलट सोडून वेस्टला काढणं, चुकवू नका, नाहीतर सुटलेला गाळ परत तलावात.

पंपाला पाचपैकी पाच, व्हॉल्व्हला दोन, सर्व्हिसला शून्य. असा सेट घेणार असाल तर एक जादा गॅस्केट ऑर्डरमध्येच लिहून घ्या, आणि वेस्टच्या पाइपचं तोंड उघड्या चेंबरमध्ये, येताजाता दिसेल असं काढायला प्लंबरला सांगा.