डाव्या सीटवरून माझीच गाडी: ड्रायव्हिंग सुटल्यानंतरचे काही महिने

गाडी माझ्याकडे २०१५ पासून आहे. चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडलेली डिझेल हॅचबॅक, पाच गिअर, मॅन्युअल. दीड हजार आरपीएमच्या पुढे टर्बो जागा होतो आणि थर्डमध्ये ती जी ओढते, त्या ओढीसाठीच घेतली होती. आजवर तिच्याबद्दल जे काही कोणाला सांगितलं ते उजव्या सीटवर बसून. गेल्या दिवाळीनंतर ती सीट सुटली. काचबिंदूमुळे गाडी चालवणं कायमचं थांबवलं आणि तेव्हापासून त्याच गाडीत डावीकडे बसतोय. त्या डाव्या सीटचा, पगारी ड्रायव्हरचा आणि घरात आणलेल्या एका स्टिअरिंग व्हीलचा हा अनुभव. रविवारी पहाटे उठून काही काम नसताना ताम्हिणीला जाऊन यावंसं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी मुख्यतः लिहितोय.

आधी आजाराबद्दल, कारण तो कळल्याशिवाय पुढचं नीट लागणार नाही. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू निकामी होत जाते. बहुतेकांना काही दुखत नाही, डोळा लाल होत नाही. नजर कडेकडून जाते आणि मधली बराच काळ टिकते. मी आजही डॉक्टरांच्या तक्त्यावरची खालची ओळ वाचतो. लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये २५ मीटरवरची नंबर प्लेट वाचता येते का असा प्रश्न असतो, त्याचं माझं उत्तर अजूनही 'हो' असंच येईल. फील्ड टेस्ट मात्र वेगळं सांगते. पांढऱ्या घुमटासमोर हनुवटी टेकवून बसायचं, मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही आणि कुठेही बारीक उजेड लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. जिथला उजेड आपल्याला दिसलाच नाही, तिथे कागदावर काळं उमटतं. बरीच वर्षं एका डोळ्याचं कमी दुसरा डोळा भरून काढत होता. मग दोन्ही कागदांवरचं काळं एकाच बाजूला, एकाच जागी यायला लागलं. डॉक्टर म्हणाले, "वाचा, लिहा, कॉम्प्युटर वापरा. गाडी मात्र आता नको."

लोक विचारतात, कडेला काळोख दिसतो का? नाही दिसत. मेंदू ती रिकामी जागा आजूबाजूच्या रंगाने भरून टाकतो, रस्ता असेल तर रस्त्याने, भिंत असेल तर भिंतीने. त्यामुळे काही कमी दिसतंय हे आपल्याला जाणवतच नाही. कर्वे रस्त्यावर डावीकडून पुढे निघणारी दुचाकी मला येताना दिसत नाही, ती एकदम समोरच असते. लायसन्सवरची तारीख अजून शिल्लक आहे. पण शरीराने अयोग्य असताना गाडी चालवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८६ खाली गुन्हा आहे, तारीख शिल्लक असली तरी. माझ्यापुरतं सांगायचं तर कलम वाचायची वेळच आली नाही. सकाळी पौड रोडवर शाळेची मुलं सायकलवर असतात, तेवढं पुरेसं होतं.

घरात कोणाला काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर नियमित तपासणी करा. नुसता चष्म्याचा नंबर काढून भागत नाही. डोळ्याचा दाब आणि मागची नस, दोन्ही बघायला सांगा, कारण दाब नॉर्मल असूनही काचबिंदू होऊ शकतो. रोजच्या थेंबांनी उरलेली नजर जपता येते. गेलेली परत येत नाही.

आता सीट. डावीकडे बसल्यावर पहिले काही आठवडे सगळ्यात जास्त गोंधळले ते हात. इतकी वर्षं गिअर डाव्या हाताला होता, आता तो उजव्या हाताला आला आणि डाव्या हाताला दाराशिवाय काहीच उरलं नाही. इंजिनाचा आवाज चढला की डावा तळवा आपोआप मिटायचा. गाडी तीच, इंजिन तेच, आणि मला हात कुठे ठेवावा कळत नव्हतं. हे लिहिताना अजूनही जड जातं. सीटची उंची डावीकडे बदलता येत नाही, तशी बऱ्याच गाड्यांत येत नाही. मी बुडाखाली पातळ उशी घेऊन सीट एक खाच मागे केली, तेव्हा कुठे बॉनेटची कड दिसायला लागली. ती कड दिसली की गाडी कुठे आहे हे कळतं, आणि ते कळलं की पोटात ढवळत नाही. डावीकडे बसून मळमळणाऱ्या सगळ्या चालवणाऱ्यांनी हे एकदा करून पाहावं.

एक गोष्ट मात्र डाव्या सीटनेच शिकवली. घाटात उजव्या वळणावर डावीकडे बसलेल्याला समोरून येणारं वाहन ड्रायव्हरपेक्षा किंचित आधी दिसतं, कारण तो वळणाच्या बाहेरच्या बाजूला असतो. डाव्या वळणावर बरोबर उलट. चालवत होतो तेव्हा हे कधी मनातही आलं नव्हतं. माझी मधली नजर शाबूत आहे आणि वळणात तीच लागते. म्हणून आमच्या ड्रायव्हरशी एक ठरलंय. उजव्या वळणाच्या आधी मी "मोकळं" किंवा "गाडी" एवढंच म्हणतो. वळणात शिरल्यावर तोंड बंद. चालवणाऱ्याच्या कानाशी वळणाच्या मध्यावर बोलण्यासारखा त्रास नाही. तो मी उजवीकडे बसून भरपूर सोसलाय.

ड्रायव्हर मिळायला वेळ लागला. सुरुवातीला चार-चार तासांसाठी बोलावून येणारे ड्रायव्हर घेतले. माणसं सगळी नम्र, वेळेवर येणारी. पण चाळीसच्या वेगाला फिफ्थ टाकायचे. त्यांना वाटायचं मालकाला अ‍ॅव्हरेज हवं. एवढ्या कमी आरपीएमला मोठा गिअर दिला की डिझेल इंजिन घुसमटतं, अख्खी गाडी थरथरते आणि फ्लायव्हीलवर ताण येतो. सिग्नलला डावा पाय क्लचवर तसाच ठेवून बसायचे. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं, आणि पुढच्या वेळी येणार दुसराच.

मग वेल्ह्याकडचा एक मुलगा मिळाला, पंचविशीतला. आधी भाजीचा टेम्पो चालवायचा. महिना अकरा हजार, आठवड्यातून चार दिवस, संध्याकाळचे पाच तास. ठेवायच्या आधी त्याला घेऊन चांदणी चौकातून पिरंगुटचा घाट उतरलो आणि एक शब्द बोललो नाही, फक्त त्याच्या पायांकडे पाहिलं. उतार लागायच्या आधीच त्याने थर्ड घेतला आणि ब्रेकला जेमतेम हात, म्हणजे पाय, लावला. विचारलं, न्यूट्रल का नाही केलीस? म्हणाला, "काका, मागं दीड टन कांदा असला की न्यूट्रल कोण करतंय?" भरलेल्या टेम्पोने त्याला इंजिन ब्रेकिंग, म्हणजे खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनानेच वेग रोखणं, जेवढं शिकवलंय तेवढं कुठल्याही ड्रायव्हिंग स्कूलने शिकवलं नसतं. ड्रायव्हर निवडताना शहरात किती वर्षं चालवली हे विचारण्यापेक्षा उतारावर न्या आणि गप्प बसा, असं माझं मत झालंय.

फेब्रुवारीत एक प्रसंग झाला. मुळशीकडून परत येत होतो. पौड सोडल्यावर डांबर जरा गुळगुळीत लागतं, तिथे मला पायाखालून एक बारीक घुमणं ऐकू यायला लागलं. साठला सुरू व्हायचं, वेग वाढला की सूर चढायचा. मुलगा म्हणाला, टायरचा आवाज आहे. त्याला क्लच दाबून इंजिन सोडायला सांगितलं. आवाज तसाच, म्हणजे इंजिनावरचा संशय गेला. मग एका मोकळ्या, लांब उजव्या वळणात शिरलो तेव्हा घुमणं वाढलं आणि लगेच पुढच्या डाव्या वळणात जवळजवळ गेलं. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो. टायर असता तर वळणाने एवढा फरक पडला नसता. आवाज माझ्याच पायाच्या पुढून येत होता. मी म्हटलं, पुढचं डावं बेअरिंग. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये फिटरने जॅक लावला, चाक हाताने फिरवलं, स्प्रिंगवर दोन बोटं टेकवली आणि मला बोलावून तिथेच माझी बोटं ठेवली. धातूची खरखर थेट नखापर्यंत येत होती. बेअरिंग बदललं. परत येताना गाडी इतकी शांत होती की मुलाने रेडिओ बंद केला, नुसतं ऐकायला.

तेव्हापासून तो प्रत्येक आवाज मला विचारतो. लिंक रॉडचा टकटक कसा, बुश गेल्यावर ब्रेक लावताना गाडी कशी खेचते, सगळं. नजर गेली तरी कान आणि तळपाय तिथेच आहेत, आणि गाडी इतकी वर्षं निम्मी त्यांनीच तर कळली. तिची देखभाल आता पूर्वीपेक्षा चांगली होतेय, कारण हात मोकळे असल्याने मी तिचं ऐकतो जास्त.

मेट्रोबद्दल थोडक्यात. मी कोथरूडला राहतो आणि ऑफिस रामवाडीच्या बाजूला आहे, त्यामुळे वनाज ते रामवाडी ही मार्गिका माझ्या दारातून थेट कामावर नेते. २०२४ च्या मार्चपासून ती रामवाडीपर्यंत सुरू आहे. स्टेशनात फरशीवरची पिवळी उठावाची पट्टी माझ्यासारख्याला खरोखर उपयोगी पडते. खरी कसरत स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर. खालची नजर कमी झाली की पायरी आणि लोखंडी खुंट दिसत नाहीत, आणि पार्क केलेल्या दुचाकींमधून वाट काढावी लागते. काठी घेतली आहे. घ्यावी.

स्टिअरिंग व्हीलबद्दल मी साशंक होतो. मुलीने आग्रह केला म्हणून कॉम्प्युटरवरच्या रेसिंग गेमसाठी फोर्स फीडबॅकचं, म्हणजे रस्त्याची थरथर हाताला देणारं व्हील, तीन पेडल आणि वेगळा एच-शिफ्टर, म्हणजे खऱ्या गाडीसारखा गिअरचा दांडा आणला. शिफ्टर डावीकडेच बसवला. गंमत मॉनिटरच्या अंतरात आहे. २७ इंची मॉनिटर नेहमीसारखा जवळ ठेवला तर त्याच्या कडा माझ्या नजरेबाहेर जातात. तोच दीड मीटरवर सरकवला की अख्खा रस्ता उरलेल्या नजरेत मावतो. खऱ्या रस्त्यावर धोका ज्या कडेने येतो ती कड इथे नाहीच. सगळी शर्यत एका चौकटीत आहे, आणि ती चौकट मला पूर्ण दिसते. पहिल्यांदा डाव्या पायाने क्लच दाबून डाव्या हाताने सेकंड टाकला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

उणिवाही सांगतो. गाडी मागून सुटायला लागली की ते आधी कमरेला कळतं, हाताला नंतर. घरातल्या खुर्चीत कंबर गप्प असते, त्यामुळे चाकाच्या थरथरीवरून ओळखायला नव्याने शिकावं लागलं. साधं ब्रेक पेडल पाय किती खाली गेला ते मोजतं, आपला पाय मात्र खऱ्या गाडीत जोर किती लावला यावर शिकलेला असतो. म्हणून नंतर लोड सेलचं पेडल घेतलं, जे जोर मोजतं. खर्च वाढतो, पण खरं चालवलेल्या माणसाने तिथे हात आखडू नये. तासाभराच्या पुढे मी खेळत नाही, डोळे थकतात.

आणि आता ज्याने सध्या सगळ्यात जास्त आनंद दिलाय ते. मुलगी चोवीस वर्षांची आहे, चांगली चालवते. तिने टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स) रॅलीबद्दल विचारलं. टीएसडीत वेगाची शर्यत नसते. दिलेल्या रस्त्यावर दिलेला सरासरी वेग राखायचा, लवकर पोचलात तरी पेनल्टी, उशिरा पोचलात तरी पेनल्टी. चालवणारा एक आणि नॅव्हिगेटर एक. नॅव्हिगेटरच्या मांडीवर ट्युलिप चार्ट, म्हणजे प्रत्येक वळणाचं छोटं चित्र आणि तिथवरचं अंतर, आणि हातात घड्याळ. हे सगळं मधल्या नजरेचं काम आहे. ३६ चा वेग म्हणजे सेकंदाला दहा मीटर, किलोमीटरला बरोबर शंभर सेकंद. असे वेग तोंडपाठ केले. सध्या सकाळी लवकर भूगाव ते माले असा सराव करतो. ओडोमीटर किलोमीटरचा दहावा भाग दाखवतो, त्याची चूक आधी किलोमीटरच्या दगडांवर पडताळून घेतली.

"बाबा, कुठे आहोत?"

"चार सेकंद पुढे. अ‍ॅक्सिलरेटर सोड, ब्रेक नको."

ती ब्रेक लावत नाही, थर्डमध्ये नुसती सोडते, आणि गाडी मला हवी तशी मंदावते.

गाडी विकणार का, असं बरेच जण विचारतात. नाही. आरसी २०३० पर्यंत आहे, क्लच अजून पहिलाच आहे. पावसाळ्याआधी चारही टायर बदलायचेत. मुलीला ग्रिप हवी आहे, मला कमी आवाज हवाय. १८५/६० आर १५ मध्ये दोन्ही बऱ्यापैकी देणारा टायर कोणी ओल्या घाटात वापरला असेल तर जरूर सांगा. फील्ड टेस्टच्या कागदाबद्दल किंवा ड्रायव्हर ठेवण्याबद्दल काही विचारायचं असेल तर तेही विचारा.