गोठ्याच्या स्लरीतून खत काढायचं युनिट, घ्यावं का?

बायोगॅसची स्लरी जास्त व्हायला लागली म्हणून स्ट्रुव्हाइट (मॅग्नेशियम, अमोनिया नि फॉस्फेटचं खडेदार खत) काढायचं छोटं युनिट बसवलं, कंपनीचं नाव घेत नाही. आयडिया एक नंबर आहे हां. गाळलेल्या स्लरीत खालून हवा सोडायची, कार्बन डायऑक्साइड उडतो नि पीएच चढतो, तो साडेआठ-नऊला धरून मॅग्नेशियम क्लोराइड टाकलं की अमोनिया, फॉस्फेट आणि मॅग्नेशियम एकत्र येऊन तळाला पांढुरके खडे बसतात. हाताला जाड रव्यासारखे लागतात, वास जवळजवळ नाहीच. शुद्ध मालात स्फुरद (खताच्या पोत्यावर लिहितात तसं, P2O5 धरून) 28-29 टक्के, नत्र 5-6 आणि मॅग्नेशियम 10च्या आसपास. हळूहळू विरघळतं, म्हणून उसाच्या बेसल डोसला (लागणीच्या वेळच्या खताला) मस्त, पण ड्रिपमधून सोडायच्या भानगडीत पडू नका, चोक होईल सगळं.

आता खरी गोम. सेल्सवाला 80-90 टक्के फॉस्फरस रिकव्हरीचे जे आकडे फेकतो ते बहुतेक वराहपालनाच्या सांडपाण्याचे असतात, गाई-म्हशींच्या शेणात कॅल्शियम भरपूर, फॉस्फरसचा मोठा हिस्सा त्यालाच चिकटलेला, तो सोडवायचा तर आधी ॲसिड, मग पीएच परत वर आणायला कॉस्टिक सोडा, म्हणजे खर्चावर खर्च. हे डेमोला कुणी बोललं नाही. वर पाइपच्या बेंडमध्येच खडे धरतात आणि सर्व्हिसवाले फोन उचलत नाहीत.

शेजारी रान असेल तर स्लरी सरळ तिकडेच द्या राव. वराहपालन मोठं असेल तर मात्र जरूर बघा. आपल्याकडून 5 पैकी अडीच स्टार.