स्वतःची भाषा लिहिताना: कोणता लूप, कोणतं मॅच?

ऐरोलीच्या आमच्या ऑफिसातली एक ज्युनियर फावल्या वेळात स्वतःची छोटी प्रोग्रॅमिंग भाषा बनवते आहे. पार्सर (लिहिलेला कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग) उभा राहिला, आता दोन ठिकाणी अडलंय. लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारी रचना, सी भाषेसारखा तीन तुकड्यांचा (सुरुवात, अट, पुढचं पाऊल) ठेवायचा की ‘यादीतल्या प्रत्येकासाठी’ असा, म्हणजे फोर-इन? आणि किंमत पाहून शाखा निवडणारा साधा स्विच पुरे, की किंमतीचा प्रकार आणि घडणही तपासणारं पॅटर्न मॅचिंग (थोडक्यात मॅच) हवं? तिच्यासारखं अडलेल्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे.

उदाहरण रोजच्या लोकलचं घेऊ. ठाणे-वाशी मार्गावर आधी आठ स्टेशनं होती. जानेवारी २०२४ मध्ये ठाणे आणि ऐरोलीच्या मध्ये दिघा गाव सुरू झालं आणि नऊ झाली. तीन तुकड्यांच्या लूपमध्ये ज्याने ८ हा आकडा लिहून ठेवला होता, त्याची गाडी आता सानपाड्यालाच थांबते, वाशी येतच नाही. फोर-इनमध्ये आकडाच लिहावा लागत नाही, यादी वाढली की फेऱ्या वाढतात. स्विफ्ट या भाषेने २०१६ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत, सी-छाप फोर काढूनच टाकला. मला तो निर्णय पटतो. उलटं मोजणं किंवा दोन-दोनने पुढे जाणं रेंजवर (‘इथपासून तिथपर्यंत’चे आकडे) भागतं, उरलेल्यासाठी अट खरी असेपर्यंत फिरणारा व्हाइल आहेच.

रेंजचं टोक मात्र नीट ठरवा. रस्टमध्ये दोन टिंबं म्हणजे शेवटचा आकडा वगळून, रुबीत तीच दोन टिंबं म्हणजे तो धरून. स्विफ्टमध्ये वगळायचं असेल तर टिंबांपुढे ‘पेक्षा लहान’ची खूण येते. वाचताक्षणी कळतं, म्हणून मी तीच उचलेन.

याहून महत्त्वाचं म्हणजे लूपचं व्हेरिएबल सगळ्या फेऱ्यांत एकच ठेवायचं की दर फेरीला नवं. एकच ठेवलं आणि प्रत्येक स्टेशनासाठी एक क्लोजर (बाहेरचं व्हेरिएबल धरून ठेवणारं, नंतर चालवता येणारं फंक्शन) बनवून नंतर चालवलं, तर नऊच्या नऊ क्लोजर ‘वाशी’ म्हणतात. सी-शार्पने फोरईचमधली ही चूक २०१२ मध्ये सुधारली. गोने फेब्रुवारी २०२४ मध्ये, १.२२ आवृत्तीत, आणि तेही जुना कोड मोडू नये म्हणून प्रकल्पाने स्वतःची गो आवृत्ती १.२२ किंवा पुढची लिहिली असेल तरच. तुमच्या भाषेत अजून कोणाचाच कोड नाही, तेव्हा आत्ताच दर फेरीला नवं द्या.

आता मॅच. इथे अपेक्षा उलटी आहे. नवी नोंद लूपने मुकाट्याने सामावून घ्यावी, पण नवा प्रकार आला की मॅचने अडवावं. तुर्भ्यानंतर वाशीची गाडी सानपाड्याला जाते, पनवेलची जुईनगरला. उद्या गाडीचा तिसरा प्रकार आला तर रस्टचा कंपायलर त्याची शाखा लिहिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. जावाही २१व्या आवृत्तीपासून (२०२३) सील्ड टाइपवरच्या (ज्याचे उपप्रकार आधीच ठरलेले असतात) पॅटर्न स्विचमध्ये हेच करते. पायथनचं मॅच २०२१ मध्ये आलं, पण कुठलीच शाखा जुळली नाही तर ते गप्प पुढे निघून जातं. सीच्या स्विचमध्ये तर ब्रेक विसरला की गाडी खालच्या शाखेत घुसते. तो पर्याय मी विचारातच घेणार नाही.

पायथनमधला आणखी एक सापळा टाळा: शाखेत नुसतं नाव लिहिलं तर तुलना होत नाही, आलेली किंमत त्या नावात भरली जाते. स्विफ्टमध्ये नावात भरायचं असेल तर पुढे ‘लेट’ लिहावं लागतं. चार अक्षरं जास्त टाइप होऊ देत.

सगळे प्रकार हाताळलेत का, ही तपासणी एकात एक पॅटर्न आले की लिहायला फार अवघड जाते. पहिल्या आवृत्तीत सपाट प्रकारांपुरतीच करा. अटी जोडलेल्या शाखा ‘हाताळलेल्या’ धरू नका, कारण अट खोटी ठरू शकते.

शेवटचा प्रश्न दोन्हींच्या सांध्यावरचा आहे: लूपमधल्या मॅचमध्ये ब्रेक लिहिला तर बाहेर कशातून पडायचं? सी, गो आणि स्विफ्टमध्ये फक्त स्विचमधून, रस्टमध्ये थेट लूपमधून. शाखा आपोआप संपत असेल तर मॅचला वेगळा ब्रेक लागतच नाही, म्हणून रस्टचा अर्थ घ्या. आणि एकात एक लूपसाठी लेबलांची (कोणत्या लूपमधून बाहेर पडायचं हे सांगणाऱ्या नावांची) सोय व्याकरणात आजच करून ठेवा.